पांढरी खळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खळ शिजवली. देवाचं काही नाही, गोडधोड बोलणं नाही. मैद्याची खळ. वाचनालयात एक जाडा शब्दकोश आहे. त्याची पाठ दर पाच-सहा वर्षांनी सुटते. मी तो चारदा बांधला, पाचव्यांदा घरी आला होता. दुपारची वेळ. मी स्टोवर डेकची ठेवून ढवळत होतो. कौसल्या, म्हणजे माझी बायको, खुर्चीत बसून सुटी पानं नंबरवार लावत होती. खळीला बुडबुडे यायला लागले तसं तिनं मान वर न करता विचारलं,

"मोरचूद टाकला काय?"

"टाकला वं," मी म्हणालो.

एवढंच. दिवेलागणीला तिनं पाणी मागितलं, मी गडवा भरून आणला, तोपर्यंत मान कलली होती. सत्तरी ओलांडलेली बाई. डॉक्टर म्हणाला, सुखाचं मरण. त्याला काय माहीत, सुख कुणाचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोरचूद म्हणजे निळा खडा, विषच ते. चिमूटभर पाण्यात विरघळवून खळीत घातला की वाळवी, झुरळं, कसर, कुणी त्या पुस्तकाला तोंड लावत नाही. खळीला हलका निळा रंग येतो. माझ्या हातचं पुस्तक ओळखायचं असेल तर पुठ्ठा उघडा आणि कडेला बघा, फिकी निळी रेघ दिसेल. चांद्यात पन्नास वर्षं जिल्दीचं काम केलं, ती रेघ हीच माझी सही. दुसरी सही मला नीट येत नाही. चौथीत दोनदा बसलो आणि सुटलो.

आता चैत लागतो आहे. शेजारच्या गच्चीवर चटई टाकून मोहाची फुलं वाळत घातली आहेत. लोकांना तो वास गोड लागतो. मला त्या वासाची शिसारी आहे. पिकून सडायला आलेल्या फळासारखा, जिभेच्या मागं जाऊन चिकटणारा वास. वारा इकडं फिरला की मी खिडकी लावतो. मुलगा ऊर्जानगरला वीज केंद्रात आहे, तो म्हणतो, "बाबा, आमच्या क्वार्टरले चला, तिथी मोहाचा वास नाई येत." तिथं राखेचा वास येतो. राख बरी. पण नाकातला वास क्वार्टर बदलून जात नसतो हे त्याला कोण सांगणार.

हा वास मला ज्या एका मोसमानं लावून दिला, तो तीस वर्षांमागचा. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, आणि माझ्या घरात बेचाळीस वर्षांची बायको कॉलेजात जात होती.

आमचं लग्न लहानपणीच झालं. तिचे वडील चामोर्शीकडं मास्तर होते. लग्नात त्यांनी हुंडा दिला नाही, उलट अट घातली, पोरगी शिकत राहील. माझा बाप म्हणाला, शिकू द्या, आमचं काय जाते. ती शिकतच राहिली. मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली, घरी बसून परीक्षा देत देत बी.ए. झाली. मी तेव्हा पुठ्ठे कापत होतो. मग परकोटाच्या आतल्या वाचनालयात तिला काम मिळालं, आणि त्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं माझ्या दुकानात यायला लागली. तोवर सगळं ठीक होतं. ती पुस्तकं द्यायची, मी बांधायचो. नवरा-बायकोचं असंच असावं असं मला वाटायचं.

मग नागपूरला ग्रंथालयशास्त्राचे वर्ग निघाले. पदवीनंतरचं शिक्षण. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवार. ती म्हणाली, "मी नाव टाकून राह्यली."

"पुस्तकं ठेवाले काय शिकाच लागते? लहान पुस्तक वरते, मोठं खालते. झालं."

"पुस्तकाची उंची पाहून ठेवते थो जिल्दवाला," ती म्हणाली. "आत काय हाये थे पाहून ठेवते थो ग्रंथपाल."

मी हसलो होतो. खरं म्हणजे ते वाक्य मला तेव्हाच टोचलं होतं.

दर शुक्रवारी ती नागभीडवरून जाणाऱ्या छोट्या गाडीनं जायची. ती गाडी म्हणजे कासव. घाट नाही, डोंगर नाही, तरी धापा टाकायची. सोमवारी कोळशाचे कण डोक्यात घेऊन ती परत यायची आणि तशीच वाचनालय उघडायला जायची. भाकरी मी टाकायचो. माझ्या भाकरीला काठ नसायचे, ती मुकाट्यानं खायची. जेवताना ताटाशेजारी वही. हातानं भात कालवायची आणि तोंडानं नंबर पुटपुटायची. प्रत्येक विषयाला नंबर. जंगलाला एक, शेतीला एक, देवाला एक. एकदा विचारते, "अवो, मोहाच्या फुलावरचं पुस्तक कुठी ठेवू? जंगलात, शेतीत का दारूत?"

"कुठीबी ठेव. नाकाले रुमाल लावून ठेव."

ती खूप हसली होती. तिचे पुढचे दात थोडे बाहेर होते, हसताना पदर लावायची. तोच पदर आता कपाटात घडी घालून ठेवला आहे, मुलीनं. कपाट उघडलं की कापूर आणि जुन्या कागदाचा वास येतो. मी बंद करतो.

माझ्या दुकानाला लागून दामोधर शिंप्याचं दुकान होतं. त्याची जीभ त्याच्या कातरीहून जास्त चालायची. सकाळी चहाला चार जण जमले की सुरू व्हायचा.

"काय भाऊ, वहिनी कॉलेजात अन् तुमी चुलीत?"

"चुलीत नाई, शिकंज्यात," दुसरा म्हणायचा. शिकंजा म्हणजे पुस्तक दाबायचा माझा पेच.

"पास झाल्यावर तुमालेबी नंबर लावतीन ना वहिनी! पाठीवर चिकटवतीन अन् कपाटात उभे करतीन."

मी घरी येऊन चिडून तिला सांगितलं. ती वहीतून डोकं न काढता म्हणाली, "त्याले सांगा, तुमचा विषयच अजून सापडला नाई. सापडला का लावतो." मला हसू यायला पाहिजे होतं. मला आलं नाही. दामोधरची मला किळस यायची, त्याच्या पानाच्या पिचकारीची, चहात बुडवलेल्या त्याच्या बोटाची. पण त्याचं बोलणं मी रोज ऐकायला जायचो. याची किळस जास्त.

त्या अभ्यासात एक हातकाम होतं. परीक्षेला तीनशे पुस्तकांची कार्डं लिहून न्यायची. एका पुस्तकाला एक कार्ड. वर नंबर, लेखक, नाव, खाली विषय. पेटीत ओळीनं लावायची, खालच्या भोकातून सळई घालायची. तयार कार्डं नागपुरात मिळत होती. मी म्हणालो, "घेऊ नको. मी बनवतो. त्यायच्याहून चांगली बनवतो." ते मी प्रेमानं म्हणालो होतो, हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं लिहायला चांगलं काही नाही.

दोन कागद खळीनं चिकटवायचे, शिकंज्यात दाबायचे, वाळले की सुरीनं कापायचे. पहिली शंभर अशी झाली की पत्त्यांसारखी वाजायची. कडेला माझी निळी रेघ. तिनं बोट फिरवून पाहिली आणि म्हणाली, "एखादं परीक्षकाच्या डोळ्यात भरते पाहा."

तिला पहिला वर्ग पाहिजे होता. तिच्या सरांनी सांगितलं होतं, पहिला वर्ग आला तर नागपूरच्या एका मोठ्या ग्रंथालयात जागा आहे, मी शब्द टाकतो. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. लग्नातसुद्धा तो असा नव्हता. तिथं म्हणे माळ्यावर चढायला लोखंडी जिना होता आणि उजेडाला मोठाल्या खिडक्या. आमच्या वाचनालयात छपराचे कवेलू गळायचे, पावसाळ्यात ती पुस्तकांवर मेणकापड टाकून फिरायची. "तुमीबी चाला ना," ती म्हणाली. "नागपूरले काय पुस्तकं फाटत नाईत?"

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. माझं दुकान, माझा शिकंजा, माझा दामोधर. तिथं मला कोण ओळखणार. कौसल्याबाईंचा नवरा.

एका आठवड्यात मीही तिच्यासोबत नागपूरला गेलो. ओझं होतं, नमुन्याची पुस्तकं न्यायची होती. वर्गाच्या व्हरांड्यात सर भेटले. तिनं एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "हे कोण?" ती म्हणाली, "हे आमच्या वाचनालयाचे बाइंडर."

नवरा म्हणाली नाही. बाइंडर म्हणाली.

परत येताना छोट्या गाडीत ती दोनदा म्हणाली, काय झालं वो, मी खिडकीबाहेर पाहिलं. सिंदेवाहीला तिनं पेरू घेतला, अर्धा माझ्यापुढं धरला, मी घेतला नाही. तिनं तो हातात धरूनच ठेवला, मूल स्टेशन येईपर्यंत. तोवर काळा पडला होता.

आता खरं लिहितो. सरांनी "हे कोण?" विचारायच्या आधी पुस्तक उलटंसुलटं करून म्हटलं होतं, "वा, काय सुरेख बांधलं आहे! कुणी?" हे मी ऐकलं होतं. तेव्हाच ऐकलं होतं. तिचं उत्तर त्या प्रश्नाचं होतं, आणि ते ती मान ताठ करून म्हणाली होती. पण मला राग पाहिजे होता. पाहिजे असलेली वस्तू माणूस कुठूनही आणतो.

घरी आल्यावर उरलेल्या दोनशे कार्डांची खळ शिजवली. मोरचुदाचा डबा फळीवर होता. हात पुरत होता. मी हात वर केला नाही. मनात म्हणालो, दोन महिने तर टिकाची हायेत, काय जाते. असंच म्हणालो का? तीस वर्षं मनातल्या मनात तेच वाक्य चघळतो आहे, आता त्याचा चोथा झाला. विसरलो नव्हतो एवढं नक्की. पन्नास वर्षांत जिल्दवाला मोरचूद विसरत नसतो, जसा हलवाई साखर विसरत नाही.

ती कार्डं लिहायची, शाई वाळली की मला द्यायची, मी दुकानातल्या आंब्याच्या लाकडाच्या पेटीत लावायचो. पेटी जमिनीवर, काउंटरखाली. आमच्याकडच्या जमिनीवर लाकूड ठेवायचं नसतं हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं काय?

होळी आली. तिला थांबून अभ्यास करायचा होता. मी म्हणालो, "गावाले चल. भावाच्या घरी तोंड दाखवाले नको काय? का आता आमचे लोकबी कमी नंबराचे झाले?" ती आली. चामोर्शीच्या पलीकडं आमचं गाव, धानाची बांधी आणि त्याच्यामागं रान. मोह गळायला लागला होता. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली. पलीकडच्या पाड्यातल्या गोंड बाया, आमच्या घरच्या बाया, सगळ्या वाकलेल्या. ती पण वाकून वेचत होती आणि वेचता वेचता नंबर पुटपुटत होती. माझी वहिनी हसून म्हणाली, "बाई, फुलं मोजून राह्यली का मंत्र म्हनून राह्यली?" ती म्हणाली, "परीक्षा हाये वो, माय." सगळ्या अंगणात मोह पसरलेला, त्यावर माश्या, माझे कपडे, तिचे केस, पाणी, भात, सगळ्याला तोच वास. चार दिवसांत मला ओकारी यायला लागली.

परत आलो, सरळ दुकान उघडलं. तिनंच पेटीला हात घातला. पेटी वरून जशीच्या तशी होती, लाकडाला चीर नाही. झाकण काढलं.

कार्डं नव्हती. माती होती. ओली, तांबडी, भुसभुशीत, आणि तिच्यात पांढऱ्या अळ्यांसारखी वाळवी वळवळत होती. हजारो. तिनं हात घातला तर बोटांवर चढली. तिच्या अक्षराचे तुकडे मातीत चिकटलेले, कुठं "लेखक", कुठं अर्धा आकडा. आणि तिच्या केसांतून मोहाचा वास येत होता. तो वास आणि ती माती माझ्या डोक्यात एकमेकांना अशी चिकटली आहेत की कुठल्या पाण्यानं सुटत नाहीत.

पण पेटीत समोरच्या बाजूला शंभर कार्डं तशीच उभी होती. तिच्या अक्षरासकट, करकरीत. कडेला निळी रेघ. वाळवीनं त्यांच्यापर्यंत माती आणली होती, आणि तिथं थांबली होती.

कौसल्येनं एक निळं कार्ड उचललं. मग मातीतून एक चतकोर उचलला, पुसला, उजेडात धरून कड पाहिली. जिल्दवाल्याची बायको होती, वीस वर्षं खळ पाहिली होती.

"पांढरी हाये," ती म्हणाली.

दामोधर डोकावला, "अरे अरे, उधईनं खाल्लं का वहिनी? सारंच?" ती म्हणाली, "सारं नाई. दोनशे." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पुस्तक हातात घेऊन ती पाहायची ना, याचा विषय काय म्हणून, तसं पाहिलं.

परीक्षेला अठरा दिवस होते. मी खाली बसून कागद कापले. स्टो पेटवला. खळ ढवळायला लागलो तेव्हा ती मागं उभी राहून म्हणाली,

"मोरचूद टाकला काय?"

मी डबा काढला. तिच्यासमोर खळीत मोरचूद टाकला.

त्या अठरा दिवसांत तिनं दोनशे कार्डं पुन्हा लिहिली. सकाळी वाचनालय, मग कार्डं. वाचायच्या वह्या तशाच पडून राहिल्या. ती पास झाली, तिसऱ्या वर्गात. सरांनी पत्र पाठवलं, वाईट वाटलं, जागा दुसऱ्याला गेली. तिनं ते पत्र वाचलं, घडी केली, आणि वाचनालय उघडायला गेली. गळक्या कवेलूंखाली आणखी सतरा वर्षं. दामोधरनं पेढे मागितले. मी दिले. लाज नाही म्हणून दिले.

ती कधी काही बोलली नाही. बोलायला पाहिजे होतं. तोंडावर थुंकली असती, चार लोकांत म्हणाली असती, या माणसानं माझं खाल्लं, तर मी मोकळा झालो असतो. पण प्रत्येक खळीला, प्रत्येक वेळी, मान वर न करता तोच एक प्रश्न. पहिली काही वर्षं मला वाटायचं, डाग देते. मग वाटायला लागलं, सवय आहे. म्हातारपणी वाटायचं, आमच्यात एवढंच बोलणं उरलं आहे, तेही बरं. काय होतं ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं. मी तिला कधी सांगितलंच नाही की विसरलो नव्हतो. तिला माहीत होतं म्हणून सांगायचं काही कारण नव्हतं असं नाही. उलट म्हणूनच सांगायला पाहिजे होतं.

लोक आता येतात आणि म्हणतात, बाईंच्या मागं तुम्ही खंबीर उभे राहिलात, त्या काळात नवऱ्यानं बायकोला शिकवलं, धन्य. वाचनालयवाल्यांनी शोकसभेत तेच सांगितलं. हार घातलेला फोटो, उदबत्ती, आणि मी पुढच्या खुर्चीत. मी उठून बाहेर आलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला दुःख सहन झालं नाही.

ती गेली त्या रात्री अंधार पडल्यामुळं तिला घरातच ठेवली. मुलगा आला, रात्रीच कुणीतरी चामोर्शीला निरोप नेला, उजाडताना भाऊ आणि वहिनी आले. मी सकाळी तोंड धुवायला आत गेलो तर स्टोशेजारी ती खळीची डेकची तशीच होती. मुंग्यांची रांग भिंतीवरून डेकचीत उतरत होती. मी झाकण काढलं.

खळ पांढरी होती.

"टाकला वं," मी म्हणालो होतो. तीस वर्षं प्रश्न तोच, उत्तर तेच, तोंड आपोआप बोललं होतं. तिच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द खोटा होता. या खेपेला तरी मी विसरलो होतो, खरंच विसरलो होतो, आणि ते सांगायला आता कुणी नव्हतं.

मी डेकची मोरीत पालथी केली, घासली. मैदा घेतला. स्टोला पंप मारला. आवाजानं वहिनी धावत आली.

"भाऊजी! घरात मढं हाये अन् तुमी चूल पेटवून राह्यले? सुतक हाये ना!"

"खळ हाये. खाची नाई."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकायले सांग, काम अर्धं राह्यलं होतं."

भाऊ दाराशी आला, पोरगा आला. पोरगा म्हणाला, "बाबा, राहू द्या ना." मी ढवळत राहिलो. बुडबुडे आले. फळीवरून मोरचुदाचा डबा काढला, बोटांनी खडा कुस्करला, पाण्यात विरघळवून खळीत घातला. रंग फिरला. समोरच्या खोलीत ती निजली होती, पाय दारातून दिसत होते. मी इथूनच म्हणालो, "टाकला." मग म्हणालो, "तवाबी डबा हाताशीच होता वं. मी टाकला नव्हता." वहिनी पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तिला वाटलं म्हातारा चळला.

तिनं नंबरवार लावून ठेवलेली पानं शिवली, शब्दकोशाला पाठ लावली, शिकंज्यात घातला, पेच आवळला. बाहेर तिरडी बांधून झाली होती. कुणीतरी म्हणालं, भाऊ, हात धुऊन घ्या. बोटं निळी झाली होती. मी धुतले नाहीत. तसेच गेलो आणि तिला खांदा दिला.